वजीफ्याचा पाहुणा

चैत्र वद्य पंचमी, शके १८४७. धर्मापुरी

हे पास झाले. मोमिनाबादहून पायी आले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, आणि उंबऱ्यातच सासूबाईंच्या पाया पडले. मी चुलीपुढे होते. माझ्याकडे पाहिलं असावं असं मला वाटतं, पण धूर फार होता. सासूबाईंनी शेजारीपाजारी गूळ वाटला. मामंजींनी पागोटं नीट बांधलं आणि देवळाकडे गेले, म्हणजे पारावर बसून चारचौघांना सांगायला.

माझे वडील मोमिनाबादच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मराठी शिकवायचे. सासरी पाठवताना म्हणाले होते की चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षर मोडेल. रोज कुठलं जमायला. पण आज लिहायलाच हवं, आमच्या गावातला हा पहिला मॅट्रिक. लग्न झाल्यापासून हे तिकडे शिकायला आणि मी इकडे. सणावाराला यायचे, तेही पुस्तक घेऊन. आता परीक्षा संपली, आता तरी घरी राहतील असं मनात आलं. कोणाला म्हटलं नाही.

चैत्र वद्य नवमी

हे राहणार नाहीत. हैदराबादला जामियात, म्हणजे तिथल्या विद्यापीठात, जायचं म्हणतात. तिथे मोठमोठी पुस्तकं उर्दूतून शिकवतात, बोर्डिंगात राहायचं, आणि पदवी घेऊनच बाहेर पडायचं. जामियाचं नाव घेताना ह्यांचा चेहरा असा काही उजळतो की मला त्या जामियाचा हेवा वाटतो. माझं नाव घेताना तो तसा उजळल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

पण जायचं कशावर? आमची जमीन डोंगराकडची, मुरमाड. पिकतं ते पोटापुरतं, वर काही राहत नाही. मी तसं म्हटलं तर हे म्हणाले की त्याचीही वाट आहे. ज्या हुशार पोराच्या बापाला शिकवणं झेपत नाही, त्याला सरकार दरमहा पैसे देतं. त्याला वजीफा म्हणतात. दरख्वास्त द्यायची, पोरगा याच मुलखातला आहे असा मुल्की दाखला जोडायचा, आणि मग तहसील कचेरीतला गिरदावर घरी येऊन चौकशी करून जातो. त्याचा शेरा चांगला पडला की काम झालं.

मी विचारलं, बोर्डिंगात बायका चालतात का. हे इतके हसले की सासूबाई आत डोकावून गेल्या.

वैशाख शुद्ध द्वितीया

दरख्वास्त लिहून झाली. अक्षर सुरेख आहे ह्यांचं, उर्दू उलटीकडून चालते तरी ओळ कुठे वाकडी नाही. मला एकेक वाक्य वाचून त्याचं मराठी सांगितलं. एका ठिकाणी अडखळले. तिथे लिहिलंय की वालिदची हैसियत नाही, म्हणजे माझ्या बापाची ऐपत नाही.

"हे आप्पाला सांगू नगंस," हे म्हणाले. "त्यांच्या जिवाला लई लागंल."

मी मान डोलावली. मामंजी शेतातून आल्यावर त्यांनी अंगठा दिला. काय लिहिलंय असं विचारलं, तर हे म्हणाले, शिकायचं म्हणून अर्ज हाय. मामंजींनी अंगठा धोतराला पुसला आणि समाधानानं कागदाकडे पाहत राहिले.

खरं सांगायचं तर ऐपत नाही हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण ते कोणी मामंजींच्या तोंडावर म्हणत नाही आणि मामंजी स्वतःच्याही तोंडावर म्हणत नाहीत. आमच्या ओट्यावरून कोणी उपाशी गेला असं आजवर झालेलं नाही. मग आम्ही स्वतः काय खाल्लं, ते विचारू नये.

वैशाख शुद्ध दशमी

चौकीदार सांगून गेला, परवा गिरदावर साहेब येणार. हे नेमके मुल्की दाखल्यासाठी मोमिनाबादला गेलेत. तिथला कारकून आज ये, उद्या ये म्हणतो, म्हणून तिथेच थांबलेत. निरोप पाठवावा तर कोणाबरोबर?

मामंजींच्या अंगात मात्र दहा हत्तींचं बळ आलं. सासूबाई म्हणाल्या, एवढी धावपळ कावून, येतील, बघतील, जातील. तर मामंजी म्हणाले, "सरकार घर बघून पैसा देतंय म्हंत्यात. मंग घर घरासारकं दिसाया पायजे का न्हाई?"

हे मला पटलं. मुलगी बघायला आलेल्यांपुढे कोणी फाटकं पातळ नेसवून मुलगी बसवतं का? मी ओसरी दोनदा सारवली आणि भिंतीला चुना दिला. शेजारच्या हरिबाकडे लेकीच्या लग्नातली पितळी ताटं आहेत, ती मागून आणून चिंचेनं घासली. त्रिंबक पाटलाकडून गालिचा आला. त्यांचं घोडंही आणून दारात बांधलंय, शोभेला. म्हाळू धनगराची मेंढरं दरसाल आमच्या रानात खताला बसतात. तो आपणहून बोकड घेऊन आला. म्हणाला, आप्पारावाच्या पोराचं काम हाय, पैका नगं.

सगळं गाव आमच्यासाठी झटतंय. हे असते तर बघून खूश झाले असते.

वैशाख शुद्ध द्वादशी

फार छान झालं. हात अजून मसाल्यानं भगभगतायत, तरी लिहिते.

सकाळीच मुलाण्याला बोलावून बोकड कापला. मी रस्सा केला, सुकं केलं, तांदूळ शिजवला, वर शेवयांची खीर. तूप सासूबाईंनी कुठून आणलं ते त्यांनाच ठाऊक. गिरदावर साहेब भला माणूस. उन्हातून आले होते, घामानं डबडबलेले. मी दाराआडून पाहत होते. गालिच्यावर लोडाला टेकून बसले, दोन वेळा रस्सा मागून घेतला, आणि मामंजींना म्हणाले की असा हात हैदराबादेतसुद्धा मिळणार नाही. मला वाटलं, आता वजीफा कुठे जात नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी घोड्याकडे बोट करून विचारलं, जनावर चांगलं आहे, तुमचंच का? मामंजी म्हणाले, "आपलंच समजा, साहेब." पाहुण्याला म्हणायचं असतं तसंच म्हणाले. साहेब हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. निघताना मामंजींनी त्यांना नारळ आणि उपरणं दिलं. वेशीपर्यंत पोचवून आले तेव्हा त्यांची मान अशी ताठ होती की मला भरून आलं.

आता हे जाणार. माझ्याच हाताच्या स्वयंपाकानं जाणार. भांडी घासताना ते मनात आलं आणि मी थोडा वेळ राख हातात घेऊन तशीच बसले.

वैशाख शुद्ध चतुर्दशी

हे मुल्की दाखला घेऊन आले. मी सगळं हौसेनं सांगितलं. ताटं सांगितली, घोडं सांगितलं, साहेबांनी काय काय वाखाणलं तेही सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "घोडं बी?" मी म्हटलं, हो, पाटलांचं, पांढरं.

जेवले नाहीत. एवढ्या उन्हात चालून आले, दमले असतील. मी लोटाभर ताक दिलं, तेही अर्धं ठेवलं.

ज्येष्ठ शुद्ध सप्तमी

कचेरीकडून काही आलं नाही. पेरणीआधीच्या मशागतीची घाई चालू आहे आणि हे घरचंच काम करतायत, मामंजींबरोबर रानात जातात. हात सोलवटून आले. मी तेल लावलं. किती वर्षांत असा हात हातात मिळाला नव्हता. शाई लागलेली बोटं आणि वर कुळवाचे फोड.

दुपारी मी डाळ पाखडत होते तर जवळ येऊन बसले आणि सुपातल्या डाळीत बोटानं मला उर्दूतले पहिले अलिफ, बे काढून दाखवले. मी म्हटलं, बे तर तुम्ही मर्द एकमेकांना म्हणता, ये बे, जा बे. हे हसले. मग मी सूप हलवून सगळं पुसलं आणि म्हटलं, परत काढा. त्यांनी परत काढलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं, तरी मी न समजल्यासारखं केलं.

रोज देवाला हात जोडते तेव्हा म्हणते, ह्यांचा वजीफा मंजूर होऊ दे. म्हणते खरी. पण थोडा उशिरा होऊ दे, असंही मागून हळूच म्हणते. देवाला काय कळायचं ते कळो.

ज्येष्ठ वद्य तृतीया

नामंजूर झाला.

चपराशी कागद देऊन गेला. ह्यांनी ओट्यावर उभं राहून वाचला आणि तिथेच बसले. मामंजींनी विचारलं, काय म्हंतंय सरकार? ह्यांना सांगावंच लागलं. कागदात लिहिलं होतं की अर्जदार बापाची ऐपत नाही असं लिहितो, पण चौकशीत घर सुखवस्तू दिसलं, दारात घोडं आहे, भांडीकुंडी, गालिचे आहेत, म्हणून ही दरख्वास्त खोटी धरून फेटाळली जाते. पंधरवड्याच्या आत कोणाला काही म्हणायचं असेल तर बापानं स्वतः कचेरीत हजर होऊन सांगावं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ऐपत नाही हे वाक्य मी ऐकलं होतं, घरात मलाच ते ठाऊक होतं. आणि मीच रस्सा दोनदा वाढायला पाठवला. भिंतीला चुना मीच दिला. मुलगी दाखवण्याची उपमा मला इतकी आवडली की पुढचा विचारच केला नाही. माझ्या हातांनी मी ह्यांची वाट बुजवली.

आणि आणखी एक लिहिते, कारण इथे खोटं लिहून कोणाला फसवायचंय. कागद वाचून झाल्याबरोबर मला आनंद झाला होता. अगदी क्षणभर. हे आता कुठे जात नाहीत, एवढंच आधी कळलं. मग ह्यांचं तोंड दिसलं.

ज्येष्ठ वद्य पंचमी

मामंजी ह्यांच्याशी बोलत नाहीत. रागावलेत असं दिसतही नाही. फक्त जेवायला बसले की ताटाकडे बघून जेवतात. काल सासूबाईंना म्हणाले, "माज्या हातानं अंगठा दिला की ग मी." सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं.

ह्यांनी जामियाचं नाव घेणंच टाकलंय. बियाणं निवडतात, बैल धुतात, सगळं करतात. आता सुपात अक्षरं काढत नाहीत. मी एकदा सूप घेऊन जाणूनबुजून जवळ बसले. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, डाळीत खडे लई हायेत. मला जे हवं होतं ते मिळालं, माणूस घरात आहे, माझ्यापासून हातभर अंतरावर आहे. पण जो माणूस मला हवा होता तो हा नव्हे.

ज्येष्ठ वद्य दशमी

आज पहाटे मामंजींनी नवं धोतर काढलं. सासूबाईंनी विचारलं, कुठं? म्हणाले, मोमिनाबादला. हे म्हणाले, आप्पा, ऱ्हाऊ द्या, मी काई जात न्हाई शिकाया. मामंजी धोतराची घडी मोडत राहिले. मग हेही त्यांच्याबरोबर जायला उठले.

मी नवं धोतर परत घेऊन जुनं पुढे केलं. मला वाटलं, ऐपत नाही असं सांगायचंय तर निदान कपडा तरी तसा असावा. एकदा चूक झाली ती पुरे. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पोरी, सांगायचं ते त्वांडानं सांगीन. कापडानं न्हाई." आणि नवंच नेसून गेले.

ज्येष्ठ वद्य द्वादशी

दोघे परत आले. काय झालं ते ह्यांनी मला सांगितलं, गोठ्यात, गव्हाणीला टेकून, माझ्याकडे न बघता.

तहसीलदार साहेबांपुढे गर्दी होती. आमच्या गावचे चौघे आपापल्या कामाला आलेले, त्यात त्रिंबक पाटीलही. ह्यांना वाटलं, मामंजी आता माघारी फिरणार. पण त्यांनी पाटलांना रामराम केला आणि पुढे गेले. साहेबांनी विचारलं, काय म्हणायचंय? तर मामंजी म्हणाले,

"साहेब, ताटं हरिबाची व्हती. घोडं अन् गालिचा ह्या पाटलाचा. बोकड धनगराचा. माज्या घरचं म्हनाल तर रांजणातलं पानी तेवडं व्हतं. पोरानं लिवलं ते खरं हाय. माजी ऐपत न्हाई."

कचेरीत कोणीतरी हसलं. साहेबांनी विचारलं, मग एवढा थाट कशासाठी केला? मामंजी म्हणाले, "दारात आलेल्याला उपाशी कसं लावू? उंद्या तुमी आलाव तरी आसंच करीन."

त्यावर साहेब स्वतःच हसले. पाटलांना बोलावून घोड्याचं विचारलं, पाटलांनी माझंच म्हणून सांगितलं. पेशकारानं सगळं उतरवून घेतलं, मामंजींनी त्यावर अंगठा दिला, आणि दोघे बाहेर पडले. सबंध वाटेत बाप पुढे, लेक मागे. ओढ्यापाशी मामंजी पाणी प्यायला बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. एवढं सांगून हे गव्हाणीतला कडबा उगाच सारखा करू लागले. मी हात धरला. गोठ्यात कोणी नव्हतं.

आषाढ शुद्ध नवमी

मामंजी आता पारावर जात नाहीत. कोणी टाकून बोलतं असं नाही. उलट सगळे फार गोड बोलतात, आणि तेच त्यांना सोसत नाही. हरिबाच्या बायकोनं काल वाडगाभर दूध आणून दिलं, सासूबाईंच्या हातात नाही, चुलीजवळ ठेवून गेली, गुपचूप. पूर्वी असं कोणी करत नव्हतं. मामंजींनी ते दूध वासराला पाजायला सांगितलं.

आषाढ वद्य चतुर्थी

मंजूर झाला. हैदराबादला आठवड्याच्या आत हजर व्हायचंय.

सासूबाई रडल्या, मीही रडले, कशासाठी ते आम्ही एकमेकींना विचारलं नाही. मामंजींनी कागद हातात घेऊन उलटा सुलटा पाहिला आणि देवापुढे ठेवला. "जाय बाबा," एवढंच म्हणाले. कित्येक दिवसांनी ते ह्यांच्याशी बोलले.

पण ह्यांनी आज काहीच तयारी केली नाही. संध्याकाळी रानातून आले तेव्हा पाय न धुताच माझ्याजवळ आले. म्हणाले, ज्या पैशासाठी बापाला चार लोकांत उघडं व्हावं लागलं तो पैसा मला पचायचा नाही. मी इथंच शेती बघतो. आप्पाचं वय झालंय. 

मग ह्यांनी मला विचारलं, "तूच सांग. जाऊ का ऱ्हाऊ?"

एवढं कोणी मला आयुष्यात विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही.

आषाढ वद्य नवमी

हे गेले. हरिबाचा लेक छकडा घेऊन परभणीच्या ठेसनापर्यंत सोडायला गेलाय. तिथून आगगाडी. मामंजी वेशीपर्यंत गेले होते. येताना पारावर टेकले, आणि बराच वेळ लोकांत बसून आले.

घर लई मोठं झालंय असं सासूबाई म्हणाल्या. खुंटीवरचा ह्यांचा सदरा मी धुवायला घेतला आणि परत खुंटीवरच ठेवला, आत्ताच कशाला धुवायचा म्हणून. दुपारी डाळ पाखडताना बोटानं अलिफ, बे काढले. बे चुकीचा आला असेल, बघायला कोणी नाही. इतकी आठवण येते की ती कुठे ठेवावी समजत नाही, छातीत मावत नाही आणि कोणाला दाखवायची सोय नाही. हे शिकतील, मोठे होतील, मला नेतील की नाही कोण जाणे. तिथे त्यांना माझ्यासारखी अलिफ बे करणारी कशाला लागते.

त्या दिवशी मी काय म्हटलं ते लिहायचं राहिलं होतं. मी म्हटलं, "जावा तुमी. आप्पांनी एवढं केलं ते तुमी हितं बैल धुवावं म्हनून का?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडावरचं ओझं उतरलं आणि तो जामियाचा उजेड परत आला. लगेच म्हणाले, "खरं हाय तुजं," आणि वळकटी बांधायला दोरी शोधू लागले.

मला त्याचंच वाईट वाटलं. एकदा विचारलं आणि ऐकलंसुद्धा. आणखी एकदा विचारलं असतं, तर मी ऱ्हावा म्हटलं असतं.